ड्रेस्डेनहून प्रागला दोन दिवस: काय बघावे याआधी काय ठरवावे

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. ड्रेस्डेनमध्ये तुमचे पहिलेच सत्र चालू आहे. वर्गातल्या सहा जणांनी डिसेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी प्रागला जायचे ठरवले आहे. तुम्ही या सहलीसाठी जास्तीत जास्त १२० युरो खर्च करू शकता. तुम्ही शाकाहारी आहात. रहिवासाचे कार्ड अजून हातात आलेले नाही. आणि सोमवारी प्रयोगशाळेचा अहवाल द्यायचा आहे. एवढे सगळे सांगून शेवटी तुम्ही विचारले आहे ते मात्र इतकेच, की दोन दिवसांत प्रागमध्ये काय काय बघून होईल. त्याचे उत्तर कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळेल. खरी अडचण तुम्ही मध्येच एका वाक्यात लिहून गेला आहात: ग्रुपवर एका अपार्टमेंटची लिंक आली, चौघांनी त्यावर अंगठा टाकला आणि तुम्ही अजून काहीच लिहिलेले नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा होकाराचा असतो आणि मराठीतला अंगठा नकाराचा; तुमच्या मनात या क्षणी दोन्ही आहेत, असे मला वाटते.

मी २०११ साली ड्रेस्डेनला शिकायला आले आणि इथेच राहिले. गेली दहा-बारा वर्षे नव्याने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना सुरुवातीच्या महिन्यांत मदत करण्याचे काम मी हौसेने करते, आणि त्या निमित्ताने प्रागच्या तीसेक सहली तरी मी आखून दिल्या असतील किंवा त्यांत स्वतः गेले असेन. या अनुभवातून माझे ठाम मत झाले आहे की सहल बिघडते ती बघायचे काही राहून गेल्यामुळे नव्हे. ती बिघडते पैसे आणि वेळ यांबद्दल प्रत्येकाने मनात वेगळे गृहीत धरलेले असते आणि ते कोणी बोललेले नसते, म्हणून. त्यामुळे आधी त्याबद्दल लिहिते आणि मग प्रागबद्दल.

त्याआधी कागदपत्रांचे बघू, कारण तिथे चूक झाली तर बाकीच्या चर्चेला अर्थच उरत नाही. तुमच्या पासपोर्टवरचा जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा जानेवारीअखेरपर्यंत चालू आहे, असे तुम्ही लिहिले आहे. हा व्हिसा चालू असेपर्यंत कोणत्याही १८० दिवसांपैकी ९० दिवसांपर्यंत शेंगेन या सामाईक व्हिसाच्या युरोपीय गटातल्या इतर देशांत जाता येते, आणि चेक प्रजासत्ताक २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये आहे. तेव्हा कार्ड आले नाही म्हणून सहल अडत नाही. पासपोर्ट मात्र मूळ प्रतीतच सोबत असला पाहिजे, मोबाइलमधला फोटो पुरत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरपासून जर्मनीने चेक सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आणि परतीच्या गाडीत पोलीस डब्यात येऊन कागदपत्रे बघतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आमच्या गटातला एक मुलगा पासपोर्ट वसतिगृहाच्या खणात ठेवून आला होता. त्याला सीमेजवळच्या बाट शांडाऊच्या स्थानकावर उतरावे लागले आणि ओळख पटून तो घरी पोचेपर्यंत मध्यरात्र झाली. तुमच्या गटातल्या स्पॅनिश आणि इटालियन मित्रांना त्यांचे राष्ट्रीय ओळखपत्र चालेल. मेक्सिकोच्या मुलीला तुमच्यासारखाच पासपोर्ट लागेल. तुमच्यापैकी कोणाचा व्हिसा संपला असेल आणि हातात फक्त अर्ज प्रलंबित असल्याचे प्रमाणपत्र असेल, तर त्या व्यक्तीने परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून लेखी खुलासा मिळाल्याशिवाय निघू नये. त्या प्रमाणपत्राचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकावर प्रवास करता येत नाही. आरोग्यविम्याचे कार्डही बरोबर ठेवा. सरकारी विमा असेल तर कार्डाची मागची बाजू युरोपीय कार्ड म्हणून चेकमध्येही चालते. खासगी असेल तर त्याच्या अटी वाचाव्या लागतील.

आता पैशाबद्दल. २०२४ च्या सप्टेंबरपासून विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या बँक खात्यातून, महिन्याला ९९२ युरो मिळतात असे धरले, तर तुमचे १२० युरो हा महिन्याच्या खर्चाचा जवळजवळ आठवा हिस्सा झाला. एवढी रक्कम दोन दिवसांवर खर्च करायला तुम्ही तयार आहात, म्हणजे तुम्ही कंजूष मुळीच नाही, हे आधी स्वतःला सांगा. पहिल्या सत्रात आपण प्रत्येक युरोला मनातल्या मनात शंभराने गुणत असतो, त्यातून एक अपराधी भावना येते आणि ती लपवण्यासाठी आपण उलट जास्तच खर्च करतो. माझे तसेच झाले होते. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही आठ जण प्रागला गेलो, जुन्या शहराच्या चौकात कुठे जेवायचे यावर तासभर थंडीत उभे राहून वाद घातला आणि शेवटी सगळ्यात जवळच्या, म्हणजे सगळ्यात महागड्या उपाहारगृहात शिरलो. मी सूप आणि पाव घेतला, बाकीच्यांनी बदक आणि बिअर. बिल आले तेव्हा कोणीतरी सहज म्हणाले की आठाने भागू या, आणि मी मान डोलावली. पुढचे दोन आठवडे मी खिचडीवर काढले. भीड ही भिकेची बहीण, हे आजीच्या तोंडून शंभरदा ऐकले होते, पण अर्थ कळायला प्राग गाठावे लागले.

म्हणून माझा सल्ला असा, की आजच ग्रुपवर एक सरळ संदेश लिहा: तुमची एकूण मर्यादा १२० युरो आहे, तुम्ही एकच रात्र राहू शकता, इतरांना अपार्टमेंट हवे असेल तर तुम्ही जवळच्या हॉस्टेलमध्ये राहाल आणि शनिवारी दुपारी सगळ्यांना भेटाल. कारणे देऊ नका, माफी मागू नका आणि शेवटी रडके हसू असलेले चित्रही टाकू नका. असा संदेश पहिल्याने लिहिला की सहा जणांच्या गटात आणखी एक-दोघे तरी ‘माझेही तेच आहे’ म्हणतात, असा माझा अनुभव आहे. अपार्टमेंटचे अंगठे अनेकदा आकडा न बघताच पडलेले असतात. शिवाय नाताळच्या बाजारांच्या दिवसांत बऱ्याच अपार्टमेंटांना किमान दोन रात्रींची अट असते, ती त्या लिंकवर आहे का, हे कोणी तपासले आहे का ते विचारा.

१२० युरोंत हे बसते का? बसते, पण हे तुम्ही किती लवकर आरक्षण करता यावर बरेच अवलंबून आहे, आणि डिसेंबरचा पहिला आठवडाअखेर हा स्वस्ताईचा काळ नव्हे. लवकर काढलेले येण्या-जाण्याचे तिकीट साधारण तीस ते पन्नास युरोंत मिळते. एकाच गाडीचे तिकीट जर्मन रेल्वेच्या आणि चेक रेल्वेच्या अशा दोन्ही संकेतस्थळांवर बघा; चेक बाजूचे बरेचदा स्वस्त असते. ही स्वस्त तिकिटे ठरावीक गाडीलाच बांधलेली असतात, हे विसरू नका. बस आणखी स्वस्त पडू शकते, पण मी गाडीच सुचवेन. का, ते पुढे येईल. हॉस्टेलमधल्या एका खाटेला मी तीस-पस्तीस युरो धरेन, त्यावर प्रागचा पर्यटक कर प्रत्येकी प्रत्येक रात्रीचा ५० कोरुना, म्हणजे दोनेक युरो. जिझ्कोव्ह, कार्लीन किंवा होलेशोविचे या भागांत बघा. तिथून ट्रामने मध्यभागात पंधरा-वीस मिनिटांत पोचता येते आणि खोलीच्या खिडकीखाली रात्रभर आरडाओरडा चालत नाही. उरलेल्या चाळीसेक युरोंत शहरातला प्रवास, जेवण आणि एखादे प्रवेशतिकीट, एवढेच बसते, दोन बसत नाहीत. यासाठीच काय बघायचे हे पैशानंतर ठरवायचे.

चेकमध्ये युरो नाही, कोरुना आहे. एका युरोला चोवीस-पंचवीस मिळतात. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालते. यंत्राने ‘युरोत भरायचे की कोरुनात’ असे विचारले तर नेहमी कोरुना निवडा, कारण युरो निवडले की विनिमयाचा दर समोरच्याच्या मर्जीचा असतो. एटीएममध्येही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, तिथे रूपांतर नाकारा. रस्त्यात कोणी चांगल्या दराने पैसे बदलून देतो म्हणाले तर थांबूसुद्धा नका. हातात दुसऱ्याच देशाच्या नोटा पडतात. दुकानात बदललेल्या पैशांचा दर वाईट निघाला तर २०१९ पासून तिथल्या कायद्याने १००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. त्यासाठी पावती मात्र जपून ठेवायला हवी.

खर्चाच्या वाटणीसाठी आपल्याकडच्या महाविद्यालयांतला टीटीएमएम, म्हणजे तुझे तू माझे मी, हा नियम उत्तम आहे आणि तो परदेशी मित्रांनाही लगेच पटतो. प्रवास आणि निवास ज्याचे त्याने भरावे. न्याहारीचा पाव, फळे, पाणी यांसाठी पाच-सात युरोंची वर्गणी काढावी. आणि उपाहारगृहात बसतानाच वेगवेगळी बिले हवीत असे सांगावे. चेक वेटर बिलाच्या वेळी बहुधा स्वतःच विचारतो, ‘झ्व्लाश्त्य’ की ‘दोह्रोमादी’, म्हणजे वेगवेगळे की एकत्र. यातला पहिला शब्द पाठ करून ठेवा. बिअरच्या ठिकाणी टेबलावर कागदाची एक पट्टी ठेवून प्रत्येक पेल्यामागे तिच्यावर रेघ मारतात. न पिणाऱ्याने सुरुवातीलाच स्वतःची वेगळी पट्टी मागून घ्यावी. मी स्वतः पीत नाही आणि त्या पट्टीमुळे कितीतरी अवघड प्रसंग टळले आहेत.

आता वेळेबद्दल, आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तुमचे स्पॅनिश आणि इटालियन मित्र बहुधा एका सत्रासाठी आलेले असतील. त्यांच्याकडे सहा महिने आहेत आणि त्यांना तेवढ्यात अर्धा युरोप बघायचा आहे. तुम्ही दोन-अडीच वर्षे इथे आहात आणि प्राग तुमच्यापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे. त्यांची घाई खरी आहे, पण ती तुमची नाही. वेगवेगळ्या वेगाच्या सहा जणांना दोन दिवस एकत्र बांधून ठेवले की सगळ्यात हळू चालणारा खजील होतो आणि सगळ्यात भरभर चालणारा चिडतो. म्हणून दिवसातून दोनच भेटी ठरवाव्यात, एक दुपारी आणि एक संध्याकाळी, आणि मधल्या वेळात ज्याला जे हवे ते त्याने करावे. भेटायला वाक्लाव चौकातला संत वाक्लावचा अश्वारूढ पुतळा उत्तम. प्रागचे लोकही ‘घोड्यापाशी’ भेटू म्हणतात ते तिथेच. जुन्या शहराच्या चौकातल्या घड्याळाखाली मात्र भेट ठरवू नका, दर तासाला तिथे इतकी गर्दी होते की शेजारी उभा असलेला मित्रही दिसत नाही.

काय बघावे याचा क्रम दोन गोष्टी जवळजवळ ठरवूनच टाकतात, आणि पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण नेमके इथे चुकतात. योसेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीतली संग्रहालयाची सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळे, आणि जुनी दफनभूमी शनिवारी बंद असतात, कारण तो त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. उलट प्रागच्या किल्ल्यातले संत व्हीटचे कॅथीड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना दुपारी बारानंतरच उघडते. म्हणजे किल्ला शनिवारी आणि योसेफोव्ह रविवारी. हे उलटे केलेत तर दोन्हीकडे बंद दारे बघून परत याल.

शनिवारी सकाळी सात-सव्वासातच्या सुमाराची गाडी पकडलीत तर साडेनऊच्या आसपास तुम्ही प्रागमध्ये असता. सामान हॉस्टेलवर टाकून २२ क्रमांकाच्या ट्रामने वर पोहोर्झेलेत्सपर्यंत जा आणि तिथून उताराने किल्ल्यात उतरा; पायथ्याकडून चढत गेलात तर दमछाकही होते आणि गर्दीही समोरून अंगावर येते. ट्रामचे तिकीट पहिल्या प्रवासाच्या सुरुवातीला एकदाच छापून घ्यायचे असते. न छापलेले तिकीट म्हणजे तिकीटच नाही, आणि तपासनीस परदेशी विद्यार्थी म्हणून सूट देत नाहीत. किल्ल्याच्या आवारात फिरायला तिकीट लागत नाही. आतल्या इमारतींना लागते. कॅथीड्रलचे बांधकाम १३४४ मध्ये सुरू झाले आणि १९२९ मध्ये पूर्ण झाले. दाराशी उभे राहून वर बघितले की जुना भाग कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते शोधण्यात वेळ छान जातो. तुमचे एकमेव प्रवेशतिकीट इथे खर्च करायचे की योसेफोव्हमध्ये, हे तुमच्या आवडीवर आहे. मला विचाराल तर योसेफोव्ह. जुन्या दफनभूमीत जागा संपल्यावर मातीचे थर एकावर एक चढवत गेले आणि थडगी एकमेकांना खेटून, तिरकी, दाटीवाटीने उभी राहिली. सगळ्यात जुना शिलालेख १४३९ चा आहे. हिवाळ्यात हे संग्रहालय साडेचारला बंद होते, आणि तुमची परतीची गाडी त्या सुमारासच पकडायची असल्याने तिथे सकाळी जावे.

चार्ल्स पुलावर रविवारी उजाडताना जा. १३५७ मध्ये पाया घातलेला हा ५१६ मीटर लांबीचा पूल दुपारी माणसांनी भरलेली गल्ली असतो. आठच्या सुमारास मात्र त्यावर चार छायाचित्रकार, एखादा धावणारा आणि धुके एवढेच असते. रात्री उशिरापर्यंत जागलेले मित्र येणार नाहीत, एकटे जा. बाकी विशेहरादचा जुना गड, लेत्नाच्या टेकडीवरून दिसणारी पुलांची रांग, शनिवारी सकाळी नदीकाठच्या नाप्लाव्कावरचा शेतकरी बाजार हे सगळे फुकट आहे, आणि पुढच्या खेपेसाठी ठेवले तरी चालेल. देयवित्से भागात रवींद्रनाथांच्या नावाचा एक रस्ता आणि त्यांचा अर्धपुतळा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. तिथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी सायकली लावतात. तुमच्या शनिवार-रविवारात ५ डिसेंबर येत असेल तर त्या संध्याकाळी मिकुलाश (म्हणजे संत निकोलस), देवदूत आणि सैतान यांची सोंगे घेतलेली माणसे जुन्या शहरात मुलांना घाबरवत फिरताना दिसतील; कोणत्याही तिकिटापेक्षा ते बघण्यासारखे असते.

शाकाहाराबद्दल थोडक्यात. ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय, पण एवढे सांगूनही सूप मांसाच्या रश्श्यात केलेले असू शकते, म्हणून सूपबद्दल वेगळे विचारा. तळलेले चीज, म्हणजे ‘स्माझेनी सीर’, बहुतेक सगळीकडे मिळते. बटाट्याच्या ‘ब्राम्बोराक’मध्ये अंडे असते, तुम्हाला चालत नसेल तर टाळा. ढाबा बेआस नावाची पूर्ण शाकाहारी उपाहारगृहे शहरात अनेक ठिकाणी आहेत, तिथे ताट वजन करून पैसे घेतात. शनिवारच्या दुपारसाठी घरूनच दशम्या आणि कोरडी चटणी न्या. किल्ल्याच्या आवारात बाकावर बसून त्या खाताना तुमचे स्पॅनिश मित्र अर्ध्या संपवतील, तेव्हा चार जास्तच करा. रस्तोरस्ती ‘जुनी चेक परंपरा’ म्हणून विकली जाणारी ट्रडेलनिकची गोड गुंडाळी हवी तर खा, पण परंपरा म्हणून नको. प्रागच्या रस्त्यांवर ती अलीकडेच, पर्यटकांसाठी आली आहे.

एवढे करूनही हिशेब जमत नसेल, किंवा खाटा आताच संपल्या असतील, तर याच मित्रांना गोर्लित्सचा एक दिवस सुचवा. सॅक्सनीतले हे जुने शहर नाइसे नदीच्या काठावर आहे आणि २००४ मध्ये बांधलेल्या पादचारी पुलावरून चालत पलीकडे गेले की तुम्ही पोलंडमधल्या झ्गोझेलेत्समध्ये असता. प्रादेशिक गाडीने डॉइचलांड तिकिटावर, म्हणजे देशभरच्या स्थानिक गाड्यांच्या मासिक पासावर, जाता येते आणि राहण्याचा खर्च नाही. पासपोर्ट इथेही लागेलच.

राहिला सोमवारचा अहवाल. तो गाडीत लिहीन असे म्हणू नका. मी तसे म्हणणाऱ्या किमान दहा जणांना झोपलेले पाहिले आहे. शुक्रवारी रात्रीपर्यंत तो पूर्ण करा, आणि परतीचे तिकीट रविवारच्या शेवटच्या गाडीचे न काढता दुपारी चार-साडेचारच्या सुमाराच्या गाडीचे काढा. ही गाडी साधारण दर दोन तासांनी सुटते, त्यामुळे काही बिघडले तरी नंतरची गाडी उरते; शेवटच्या गाडीला बिघाड झाला तर मात्र रात्र फलाटावर आणि सोमवारची साडेसातची तासिका हुकलेली. परतताना बाहेर अंधार असेल, म्हणून बघायचे ते जातानाच बघा; बसऐवजी गाडी सुचवली ती यासाठीच. ड्रेस्डेनहून निघताना डाव्या बाजूच्या खिडकीशी बसा: एल्बे नदी त्याच बाजूला असते, पलीकडच्या तीरावर बास्टाईचे वालुकाश्माचे सुळके येतात, आणि डिसेंबरमधल्या त्या पहिल्या गाडीला बाट शांडाऊच्या आसपास नेमके उजाडू लागते. केनिग्श्टाइनचा किल्ला तेवढा उजवीकडे, डोंगरावर आहे. त्यासाठी मिनिटभर उठून पलीकडच्या खिडकीशी जावे लागेल.